पावसाविना भरणारं धरण

(सदर: पाण्याची विचारपूस. उत्तरं देणारे पाटबंधारे खात्यातले निवृत्त कार्यकारी अभियंता आहेत.)

गेल्या अंकात कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या डिफेनबेकर तलावाचा मी काढलेला फोटो छापला होता. खाली एकच ओळ होती: गवताळ मैदानातल्या नदीवर धरण बांधून हा तलाव झाला आणि त्याचा साठा आपल्या नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, तिपटीहून जास्त आहे. त्या ‘तिपटी’वर पत्रांचा ढीग आला. काहींना ते खोटं वाटलं. एका गृहस्थांनी तर माझ्या देशप्रेमाचीच चौकशी केली. माझी मुलगी त्याच प्रांतातल्या सॅस्कटूनला असते, उन्हाळ्यात तिच्याकडे जातो आणि जुनी खोड म्हणून धरणावर चक्कर मारतो, एवढाच माझा त्या गावाशी संबंध. या महिन्यात सगळे प्रश्न त्याच तलावाचे घेतले आहेत.

*

साहेब, नमस्कार. आम्ही पैठणचे, नाथसागर आमच्या दारात. भाचा तिकडेच, रिजायनाला असतो. तो म्हणतो, तिथे वर्षाचा पाऊस मराठवाड्याच्या निम्मा. मग तलाव भरतो कशानं? आणि नाथसागराचाच पलीकडचा काठ दिसत नाही, त्याच्या तिप्पट म्हणजे नेमकं किती?
– एक शिक्षिका, पैठण

बाई, भाचा बरोबर सांगतो. तलावाच्या आसपास वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, त्यातही थोडा हिमाच्या रूपात. उलट तलावावर जेवढं पाणी आकाशातून पडतं, त्याहून जास्त वाफ होऊन जातं. वारा सारखा, हवा कोरडी. स्थानिक पावसाच्या भरवशावर राहिलं असतं तर हा तलाव कधीच भरला नसता.

पाणी येतं पश्चिमेकडून, शेकडो किलोमीटरवरच्या रॉकी पर्वतातून. कॅलगरी शहरातून वाहणारी बो नदी आणि लेथब्रिजजवळून येणारी ओल्डमन नदी अल्बर्टा प्रांतात एकत्र येतात, तिथून पुढे त्या प्रवाहाला साउथ सस्कॅचेवान म्हणतात. प्रांताची सीमा ओलांडल्यावर लगेच रेड डिअर नदी येऊन मिळते. हिवाळाभर डोंगरावर हिम साठत राहतं. मे-जूनमध्ये ते वितळतं, त्यात डोंगरउतारावरच्या जूनच्या पावसाची भर पडते, आणि तलाव चढू लागतो. म्हणजे धरण सस्कॅचेवानात असलं तरी त्याचं खरं पाणलोट क्षेत्र दुसऱ्याच प्रांतात आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली सिन्नरच्या पत्राला उत्तर देताना लागणार आहे.

आता तिपटीचा हिशोब. डिफेनबेकर तलावाची क्षमता ९.४ अब्ज घनमीटर, आपल्या भाषेत साधारण ३३२ टीएमसी (अब्ज घनफूट). नाथसागराचा एकूण साठा १०२.७ टीएमसी. भागाकार तुम्हीच करा. पण खरी गंमत क्षेत्रफळात आहे. नाथसागर भरला की साधारण ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो. डिफेनबेकर पसरतो सुमारे ४३०वर. म्हणजे जागा जेमतेम सव्वापट आणि पाणी सव्वातीनपट! नाथसागराची सरासरी खोली काढली तर आठ मीटरच्या थोडी वर येते, तिथली बावीसच्या आसपास.

कारण नाथसागर म्हणजे परात आणि डिफेनबेकर म्हणजे पन्हळ. पैठणला गोदावरी सपाट, उघड्या खोऱ्यातून येते. अडवली की पाणी चहूकडे पसरतं: ५५ किलोमीटर लांब, २७ किलोमीटर रुंद. तुम्हाला पलीकडचा काठ दिसत नाही तो त्यामुळे. तिकडची जमीन वरून पाहिली तर आपल्याहून सपाट, गव्हाच्या शेतात उभं राहिलं की क्षितिजापर्यंत एक टेकाड नाही. पण नदी त्या सपाटीच्या पोटात खोल गेलेली आहे. हिमयुगाच्या शेवटी बर्फाचे प्रचंड थर वितळले, त्या पाण्यानं खोल दऱ्या कोरल्या, आणि आजची नदी त्या जुन्या दरीच्या तळाशी वाहते. धरण बांधल्यावर ती दरीच भरली. म्हणून तलाव २२५ किलोमीटर लांब आहे, जवळजवळ पुणे ते छत्रपती संभाजीनगर, आणि तरीही बऱ्याच ठिकाणी समोरचा काठ स्वच्छ दिसतो. गाडीनं जाताना तर अगदी कडेला पोचेपर्यंत पाणी आहे याचा पत्ता लागत नाही.

उघड्या पृष्ठभागावरून वाफ होते, खोलीवरून नाही. त्यामुळे ‘किती टीएमसी’ यापेक्षा ‘किती चौरस किलोमीटरवर किती टीएमसी’ हे विचारायला हवं. आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर ऐकवत नाही.

एक आणखी. आपली धरणं सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात आणि मृगापर्यंत तळ गाठतात. हा तलाव जुलैच्या सुमारास भरतो आणि मार्च-एप्रिलमध्ये सर्वांत खाली असतो. शेतीसाठी नव्हे, तर थंडीसाठी उपसला जातो. तिथे विजेची मोठी मागणी हिवाळ्यात. वर बर्फाची लादी, खालून पाणी जनित्रांकडे चाललेलं. पातळी उतरते तसा काठावरचा बर्फ आधार सुटून वाकतो आणि तडकतो. रिव्हरहर्स्टला उन्हाळ्यात मोटारी पलीकडे न्यायला फुकट फेरीबोट आहे, दोरखंडाला धरून चालणारी. बर्फ पुरेसं जाड झालं की त्याच पाण्यावरून मोटारींचा रस्ता आखतात. एकदा हिवाळ्यात गेलो होतो तेव्हा मी तो पाहिलाय, त्यावरून गेलो मात्र नाही. जावई म्हणाला, चला. मी म्हटलं, तुम्ही या जाऊन.

*

सर, मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या तलावाच्या गार्डिनर धरणाची उंची ६४ मीटर आणि पाया सुमारे दीड किलोमीटर रुंद असं वाचलं. हा छपाईचा दोष आहे का? आमच्या पुस्तकातल्या उतारांनी एवढा पाया येत नाही.
– एक विद्यार्थी, सांगली

छपाईचा दोष नाही. तू गणित करून पाहिलंस, हे फार बरं केलंस.

आपल्या मातीच्या धरणाला वरच्या अंगाला एकास तीन आणि खालच्या अंगाला एकास अडीच असा उतार धरला, माथा अठरा मीटर धरला, तर ६४ मीटर उंचीला पाया पावणेचारशे मीटरच्या आत बसतो. तिथे त्याच्या चौपट आहे. धरणाची लांबी पाच किलोमीटर, आणि भरावाची माती साडेसहा कोटी घनमीटर. दहा घनमीटरचा टिप्पर धर, पासष्ट लाख खेपा. जगातल्या सर्वांत मोठ्या माती धरणांत त्याची गणना होते ती उंचीमुळे नव्हे, या ढिगामुळे.

कारण पायाखाली आहे. तिथल्या खडकाचं नाव बेअरपॉ शेल. डायनोसॉरांच्या काळात त्या मैदानावर समुद्र होता, त्याच्या तळाशी बसलेला गाळ दाबून हा खडक झाला. खडक म्हणायचं ते केवळ आदरानं. पाणी लागलं की फुगतो, मऊ होतो. त्यात जे चिकणखनिज आहे, त्याच कुळातलं आपल्या काळ्या मातीत आहे. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात घरांच्या भिंतींना तडे देणारी जमीन सांगलीच्या पोरांना मी काय सांगू?

पण आपल्याकडे काळी माती खरवडली की खाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. आपण पायाचा खंदक पाषाणापर्यंत नेतो, चिकणमाती ठोकून भरतो, वर हार्टिंग (आतला चिकणमातीचा गाभा) आणि केसिंग (बाहेरचं आवरण) चढवतो आणि निश्चिंत होतो. तिथे खणत गेलं तर शेलच्या खाली शेलच. ‘पक्क्यावर पाया’ ही सोयच नाही.

त्यातून दोन अडचणी. पहिली, भराव चढवत गेलं की वजन शेलमधल्या बारीक छिद्रांतल्या पाण्यावर येतं. ते पाणी पटकन निघून जाऊ शकत नाही, त्याचा दाब वाढतो, आणि कणाकणांमधलं घर्षण घटतं. वरून धरण भक्कम दिसतं आणि खालची जमीन सरकायला तयार झालेली असते. दुसरी, शेलमध्ये जुने सरकलेले पापुद्रे आधीपासून होतेच. हजारो वर्षांपूर्वी वरून बर्फाचे थर घसरत गेले, त्यांच्या ओढीनं आतले थर एकमेकांवरून सरकलेले. एकदा सरकलेल्या थराची ताकद पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. बांधकाम चालू असताना दरीच्या कडांवर घसरण झाली तेव्हा अभियंत्यांनी उतार आणखी चपटे केले, पायथ्याला वजनासाठी जादा भराव टाकला. दीड किलोमीटर आला तो असा. खडक मिळत नाही ना, मग पसरा.

तुझ्या प्राध्यापकांना हेही सांग की ते धरण आजही हलतं. दरवर्षी तलाव भरतो तसा मुख्य भराव किंचित खालच्या बाजूला सरकतो, पाणी उतरल्यावर सगळाच्या सगळा परत येत नाही. घाबरण्यासारखं नाही, कारण ते मोजलं जातं. आत पाण्याचा दाब आणि सरकणं मोजणारी उपकरणं बसवलेली आहेत आणि त्यांची नोंद बांधकामापासून ठेवली आहे. मी नोकरीत असताना एका धरणावर दाबमापकांच्या नळ्यांत गुराख्यांच्या पोरांनी खडे टाकलेले पाहिले होते. नोंदवहीत मात्र दर महिन्याचा आकडा होता, सुंदर अक्षरात.

*

राम राम साहेब. मी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, शेवटाकडं. कालवा दोनशे आठ किलोमीटर, त्यामुळं आमच्याकडं पाणी येतं ते कागदावर. त्या कॅनडाच्या धरणाचं लाभक्षेत्र किती? टेलच्या शेतकऱ्याला आवर्तन मिळतं का? की तिथंबी तेच?
– एक शेतकरी, परभणी जिल्हा

राम राम. तिथं तेच नाही, तिथं वेगळंच. तुमच्याकडे शेतकरी पाणी मागतो आणि ते येत नाही. तिथे पाणी दारात होतं आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी ते मागितलंच नाही. सांगतो.

१८५७ साली जॉन पॅलिसर नावाचा माणूस ब्रिटिशांच्या वतीनं तो मुलूख पाहायला निघाला. त्यानं अहवाल दिला की दक्षिणेकडचा मोठा त्रिकोणी पट्टा शेतीच्या कामाचा नाही, इतका कोरडा आहे. त्याच सुमाराला, १८५८ मध्ये, हेन्री यूल हाइंड नावाच्या दुसऱ्या पाहणीदाराला सुचलं की ही नदी अडवून पाणी क्वापेल नदीच्या दरीत सोडावं, म्हणजे आगबोटी चालतील. बघा, धरणाची पहिली कल्पना शेतीसाठी नव्हतीच. पुढे रेल्वे आली, लोक आणून वसवले, पॅलिसरचा कागद फडताळात गेला. आणि १९३०च्या दशकात सलग दुष्काळ पडला. नांगरलेली जमीन वाऱ्यानं उडाली. भरदुपारी धुळीनं अंधार व्हायचा, कुटुंबंच्या कुटुंबं शेतं टाकून गेली. १९३५ साली केंद्र सरकारनं त्या मैदानी शेतीसाठी एक स्वतंत्र खातं काढलं, पुढे त्यानंच हे धरण बांधलं.

जेम्स गार्डिनर हे सस्कॅचेवानचे माजी मुख्यमंत्री, १९३५ ते १९५७ केंद्रात शेतीमंत्री. ते वर्षानुवर्षं या धरणामागे लागले. त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं आयोग नेमला आणि आयोगानं १९५२ मध्ये सांगितलं, खर्चाच्या मानानं फायदा नाही. १९५७ला सरकार बदललं. पंतप्रधान झाले जॉन डिफेनबेकर, ते सस्कॅचेवानमध्येच वाढलेले. १९५८ला त्यांनी प्रांताचे मुख्यमंत्री टॉमी डग्लस यांच्याशी करार केला, १९५९ला काम सुरू, १९६७ला उद्घाटन. धरणाला नाव गार्डिनरांचं, तलावाला डिफेनबेकरांचं. दोघांचं राजकारणात हाडवैर. आता एक दुसऱ्याला जन्मभर अडवून उभा आहे. ज्यानं कुणी ही नावं ठेवली त्याला विनोदाची जाण असणार.

आता तुमचा प्रश्न. स्वप्न होतं पाच लाख एकर भिजवायचं. पन्नास वर्षांनंतरही त्याचा लहानसा हिस्साच भिजत होता. पश्चिमेकडचा कालवा अर्धवट बांधून १९७३ मध्ये सोडून दिला. कालवा सोडून देणं ही काही आपलीच मक्तेदारी नाही, एवढं समाधान माना.

का झालं तसं? वर पैठणच्या बाईंना सांगितलं तेच कारण इथे उलटं लागू पडतं. पाणी दरीत खोल, शेतं वर माळावर. बरंचसं पाणी पंपानं उचलूनच कालव्यात घालावं लागतं. आपल्यासारखं कालव्याचं तोंड उघडलं आणि निघालं, असं नाही. दुसरं, तिथला शेतकरी कोरडवाहू गव्हाचा. जमीन शेकडो एकर, घरात माणसं दोन-चार. एक वर्ष पेरायचं, एक वर्ष पडीक ठेवून ओल धरायची, अशी त्याची रीत बसलेली. बागायतीला कर्ज, पाइप, मजूर, नवी पिकं आणि ती घेणारा बाजार लागतो. आणि हंगाम केवढा? मे संपेपर्यंत दव गोठण्याची भीती, सप्टेंबर लागला की पुन्हा तीच. ऊस लावून अठरा महिने निवांत बसायची चैन तिथे नाही. ज्यांनी पाणी घेतलं त्यांचं बरं चाललंय. आउटलुक गावाच्या बाजूला बटाटा, घेवडा, चारापिकं दिसतात. मधल्या खांबाभोवती चाकांवर फिरणारी लांबलचक फवारणी यंत्रं दिसतात, त्यामुळे विमानातून शेतं गोल दिसतात. पाटानं मोकळं पाणी सोडलेलं मला कुठे दिसलं नाही.

२०२० मध्ये प्रांत सरकारनं पुन्हा जाहीर केलं: चार अब्ज डॉलर, आणखी पाच लाख एकरांपर्यंत सिंचन, आणि सुरुवात त्या १९७३ला टाकलेल्या पश्चिम कालव्यापासून. आकडा तोच पाच लाखांचा. मी या बाबतीत मत देणार नाही, निवृत्त माणसाला तरी सुख असावं.

मग एवढं पाणी जातं कुठे? मुख्यतः नळाला. प्रांतातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा आधार हा तलाव आहे. धरणाखालच्या नदीवर सॅस्कटून आहे. रिजायना आणि मूज जॉ या गावांसाठी पाणी दुसऱ्याच दरीतून जातं. तलावाला एक नव्हे, दोन धरणं आहेत. एल्बो गावापाशी नदी कोपरा करून उत्तरेला वळते, पण तिथूनच आग्नेयेला एक जुनी मोकळी दरी क्वापेल नदीकडे जाते. नुसतं गार्डिनर बांधलं असतं तर पाणी त्या खिंडीतून निघून गेलं असतं. म्हणून तिथे २७ मीटर उंच आणि तीन किलोमीटरहून लांब दुसरा बांध घातला आणि त्याला दरवाजे ठेवले. त्यातून मोजून सोडलेलं पाणी बफेलो पाउंड तलावात जातं, तिथे शुद्ध होऊन या दोन शहरांना मिळतं. हाइंडसाहेबांच्या आगबोटी राहिल्या, पण पाणी त्यांच्याच वाटेनं गेलं.

उरलं ते वीज. कोटो क्रीक वीजघर, १८६ मेगावॅट. कोयनेच्या १,९६० मेगावॅटपुढे ते लहान, कारण पाणी पुष्कळ पण पडायला उंची नाही.

*

वरच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या वतीनं विचारतो. दर दुष्काळात आमचं पाणी जायकवाडीला सोडलं जातं. तिथेही पाणी एका प्रांतातलं आणि धरण दुसऱ्यात. मग भांडण होत नाही का?
– सिन्नर, जि. नाशिक

होतं, पण त्याची रीत १९६९लाच ठरली. अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा आणि केंद्र यांचा करार आहे: पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचा जेवढा नैसर्गिक प्रवाह, त्याचा निम्मा अल्बर्टानं वापरावा, निम्मा खाली सोडावा. सस्कॅचेवानलाही पुढे मॅनिटोबासाठी तोच नियम. साउथ सस्कॅचेवान नदीपुरती अल्बर्टाला पाण्याचा एक ठरावीक किमान वाटा राखून दिला आहे, पण सीमेवर सेकंदाला साडेबेचाळीस घनमीटर प्रवाह राहिला पाहिजे या अटीवर.

यातला ‘नैसर्गिक प्रवाह’ हा शब्द माझ्यासारख्याला फार आवडतो. सीमेवर प्रत्यक्ष जे पाणी मोजलं, त्यात वरच्यांनी उचललेलं पाणी मिळवायचं, धरणांत अडवलेलं मिळवायचं, सोडलेलं वजा करायचं. माणसानं हातच लावला नसता तर किती आलं असतं, ते काढायचं आणि त्याचा निम्मा. आपल्याकडे हिशोब साठ्याचा आहे: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरून पाणी सोडायचं. तिथे वाहत्या पाण्यात वाटा, इथे साठलेल्या पाण्यात. साठ्याची भानगड अशी की तोवर वरच्या धरणातलं पाणी ‘आमचं’ झालेलं असतं, द्राक्षबागा त्याच्या हिशोबानं उभ्या असतात, आणि सोडायची वेळ आली की कोर्ट, मोर्चा आणि पोलीस बंदोबस्त. शिवाय कोरड्या पात्रातून एवढ्या लांब पाणी सोडलं की निम्मं वाळू पिते, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. वाटा मागायचा तर नदी वाहती असताना मागावा, या मताचा मी नोकरीतही होतो.

तिकडेही सगळं गोड आहे असं नका समजू. दक्षिण अल्बर्टात सिंचन भरपूर, मागणी एवढी की २००६ मध्ये बो, ओल्डमन आणि साउथ सस्कॅचेवान खोऱ्यांत नवे पाणीपरवाने देणंच बंद केलं. २०२४च्या वसंतात दुष्काळाची चाहूल लागली तेव्हा मोठ्या परवानाधारकांना बसवून ‘तुटवडा आला तर प्रत्येकानं किती सोडायचं’ याचे करार करून घेतले. हे पाऊस संपल्यावर नव्हे, हिम वितळण्याआधी. आजवर अल्बर्टाकडून निम्म्याहून जास्तच पाणी खाली आलेलं आहे, म्हणून शांतता आहे. पुढे वरच्यांनी आपला पूर्ण निम्मा वापरला तर काय, याची चिंता सॅस्कटूनच्या लोकांशी बोलताना ऐकू येते.

*

आमचं गाव कोयनेत गेलं. आजोबा शेवटपर्यंत ‘आमचं गाव पाण्यात आहे’ म्हणायचे. तुम्ही मातीचे घनमीटर सांगता. त्या तलावात कोण बुडालं?
– सातारा जिल्हा

तुमचा राग योग्य आहे.

गावांच्या संख्येत सांगायचं तर कोयना किंवा जायकवाडीसारखं तिथे झालं नाही. दरीत गुरांची कुरणं, थोडी शेतघरं होती, वस्ती विरळ. पण वस्ती विरळ का होती, हेही विचारायला हवं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मूळ लोकांना करार करून राखीव वस्त्यांत हलवलं गेलं होतं. ज्यांची ती दरी, ते आधीच तिथून दूर झालेले.

बुडालं त्यात एक दगड होता. एल्बोजवळच्या दरीत बसलेल्या गव्यासारखा दिसणारा, सुमारे चारशे टनांचा, हिमनदीनं आणून टाकलेला पाषाण. नाव मिस्टासेनी. क्री आणि असिनिबॉइन या मूळ लोकांचं ते देवस्थान, शेकडो वर्षं तिथे जमणं, अर्पण करणं चालू होतं. धरण होणार म्हटल्यावर तो हलवावा म्हणून लोकांनी पैसे जमवायचा प्रयत्न केला, जमले नाहीत. डिसेंबर १९६६ मध्ये सुरुंग लावून तो फोडला. काही तुकडे एल्बोच्या काठावर रचून ठेवले आहेत, काही क्री प्रमुख पाउंडमेकर यांच्या स्मारकात वापरले. बाकीचे पाण्याखाली. २०१४ मध्ये पाणबुडे खाली जाऊन ते पाहून आले. साडेसहा कोटी घनमीटर माती हलवणाऱ्यांना चारशे टन हलवता आले नाहीत, हे मला अभियंता म्हणून पटत नाही. इच्छा नव्हती, एवढंच.

आणि धरणग्रस्त फक्त बुडीतात नसतात. खाली शेकडो किलोमीटरवर कंबरलँड हाउस नावाचं क्री आणि मेटी (मूळ लोक आणि युरोपीय यांचे मिश्र वंशज) लोकांचं गाव आहे, सस्कॅचेवान नदीच्या त्रिभुज प्रदेशात. पूर्वी उन्हाळ्यात नदी फुगून सगळी दलदल भिजवायची, मासे, मस्करॅट (दलदलीतला उंदरासारखा प्राणी), बदकं यांवर लोक जगायचे. आता जूनचा पूर वर अडतो आणि वीज करायला पाणी हिवाळ्यात सुटतं. उन्हाळ्यात तळी कोरडी, हिवाळ्यात बर्फाखालून नको तेव्हा पाणी. गार्डिनर एकटं दोषी नाही, त्या गावाच्या आणखी जवळ १९६३चं दुसरं वीजधरण आहे. पण या लोकांची नावं कुठल्या धरणग्रस्तांच्या यादीत नाहीत, कारण त्यांच्या घरात पाणी शिरलं नाही, ते निघून गेलं.

*

काका, तिथे मासे मिळतात का? आणि बघायला कधी जावं? डिसेंबरात सुट्टी आहे.
– ठाणे

डिसेंबरात जाऊ नकोस. उणे पंचवीसमध्ये धरण आणि शेत यांतला फरक कळत नाही.

जुलैत जा, तलाव भरलेला असतो. सॅस्कटूनहून दक्षिणेला तासा-दीड तासाच्या गाडीवर धरण आहे, माथ्यावरून रस्ताच जातो. खालच्या अंगाला उतरून वर बघ, उतार इतका चपटा आहे की आपण धरणाच्या पायथ्याशी आहोत हे पटत नाही. काठाच्या खडीवर ‘पायपिंग प्लोव्हर’ नावाचे चिमुकले पाणपक्षी अंडी घालतात, ती जात धोक्यात आहे. त्यांचा अंडी घालण्याचा आणि तलाव चढण्याचा काळ एकच, त्यामुळे घरटी बुडतात. दोरी बांधलेली दिसली तर पलीकडे जाऊ नकोस.

मासे भरपूर. २००९ मध्ये इथे ४८ पौंडांचा रेनबो ट्राउट सापडला, जागतिक विक्रम. पण तो रानातला नव्हता. तलावातच मत्स्यशेतीचे पिंजरे आहेत, तिथून निसटलेल्या, प्रजनन न करणाऱ्या माशांपैकी तो होता. अंडी घालण्यात शक्ती जात नाही, नुसता खात आणि वाढत राहिला. गळ टाकायचा तर आधी परवाना काढ, इंटरनेटवर मिळतो. आणि विक्रमी मासा लागलाच तर खाऊ नकोस, असले धटिंगण चवीला बरे नसतात असं जावई म्हणतो. त्याला मिळालेला सर्वांत मोठा मासा एका ताटलीत मावला होता.